हिरव्या पानाची पिशवी

"अक्का, तुम्ही जरा मागं सरा," इराप्पा खड्ड्यातून म्हणाला. "अण्णा, तुम्ही या."

मी मागे सरले नाही. कुणी मागे सर म्हटलं की मी हमखास पुढे जाते, ही माझी लहानपणापासूनची खोड. इराप्पा आमच्या रुद्रभूमीत, म्हणजे समाजाच्या दफनभूमीत, खड्डे खणायचं काम करायचा. त्या सकाळी खड्डा त्याच्या छातीपर्यंत आला होता. फावडं बाजूला ठेवून तो गुडघ्यांवर बसला होता आणि हातानं माती सारत होता. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ प्रभुलिंग, काठावर उकिडवा बसून खाली बघत होता. त्याच्या हातात अव्वानं, आमच्या आईनं, दिलेली पितळेची वाटी होती.

"काय लागलं रे?" अण्णानं विचारलं.

"दुसरं काय लागणार? तुमचंच हाय." इराप्पानं तळहातानं माती पुसली. खालून फिकट हिरव्या, चकचकीत पिशवीचा तुकडा वर आला. त्यावर एक गडद हिरवं पान छापलेलं होतं आणि पानाखाली ठळक मराठी अक्षरं होती : सहा महिन्यांत मातीत मिसळते.

अप्पांना, आमच्या वडिलांना, तिथे पुरल्याला तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती.

आम्ही फक्त मूठभर माती न्यायला आलो होतो. अव्वाला पोटाचा कॅन्सर झाला होता आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. तिची शुश्रूषा करायला मी लातूरहून माहेरी येऊन राहिले होते. आमच्या गावात समाजाच्या रुद्रभूमीला जागा कमी, त्यामुळे काही वर्षं गेली की नवऱ्याच्याच जागेत बायकोला बसवून पुरतात, आणि बसवण्याआधी त्याच्या जागेतली मूठभर माती तिच्या पदराला बांधतात. अव्वाला ती माती मरणाआधीच हवी होती. "मी डोळे मिटल्यावर तुम्ही काय आणाल, काय बांधाल, मला कळणार हाय का?" ती म्हणाली. "वरची नको. त्यांच्या अंगाजवळची आणा. ते माती झालेत हे मला हातानं बघायचंय."

तिच्या मनात ही धास्ती का होती, ते सांगायला हवं.

आमच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. आंघोळ घालायची, विभूती लावायची, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं आणि खड्ड्यात मांडी घालून बसवायचं. भोवती बेलाची पानं, विभूतीचे गोळे, मीठ. मग माती. गेलेला माणूस शिवात मिसळला असं आम्ही म्हणतो, आणि अव्वाच्या लेखी शिवात मिसळणं आणि मातीत मिसळणं एकच होतं. अप्पा साथीच्या वर्षी दवाखान्यातच वारले. त्यांना आंघोळ नाही, विभूती नाही, बसवणं तर नाहीच. गळ्यातलं लिंगसुद्धा नर्सनं काढून कागदाच्या पुडीत घरी पाठवलं. वर दवाखान्याचा माणूस म्हणाला की काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतो.

तेव्हा अव्वा भिंतीला डोकं आपटत होती. "बसवू नका, तोंड दाखवू नका, सगळं ऐकते मी. पण प्लास्टिकमध्ये नको! गटारातलं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच असतं. हे कधी माती होणार? कधी सुटणार?"

आणि त्याच वेळी अण्णा ही पिशवी घेऊन आला.

अण्णाचं वेशीजवळ दुकान होतं. पत्रावळी, द्रोण, कागदी पेले, पिशव्या. प्लास्टिकबंदी आली तेव्हा बाकीचे दुकानदार माल लपवत बसले आणि आमच्या या पठ्ठ्यानं सगळा जुना माल काढून टाकला. लोक पेपरात राशिभविष्य वाचतात, तसा तो वस्तूंवरची चिन्हं वाचायचा. जेवायला बसलं की तेलाची बाटली उलटी करून आम्हाला शिकवणी. "त्रिकोणातला आकडा बघितलास? लोकांना वाटतं म्हणजे याचं परत काहीतरी बनतं. तसं नसतंय गिरिजा. हे कुठल्या जातीचं प्लास्टिक, एवढंच तो आकडा सांगतो. पुढं बनवतंय का कोण, ते वेगळंच." माझा नवरा त्याला 'लेबलशास्त्री' म्हणायचा. अण्णाला ते आवडायचं, पण तोंडावर दाखवायचा नाही.

साथ सुरू झाली तेव्हाच त्यानं पुण्याच्या व्यापाऱ्याकडून माणूस मावेल एवढ्या या पिशव्यांचा गठ्ठा मागवून ठेवला होता. पिशवीवरचं पान अव्वाला दाखवलं, अक्षरं वाचून दाखवली. मठाचे शरणय्या स्वामी फोनवर होते. त्यांनी विचारलं, "मातीत मिसळतं म्हणून लिहिलंय ना? मग चालतंय की." अव्वा शांत झाली. अप्पा त्या पिशवीत गेले; दवाखान्याच्या माणसाबरोबर अण्णानंच ती बांधली. त्या वर्षी आमच्या समाजात जी जी माणसं गेली, त्या प्रत्येक घरी अण्णानं पिशवी फुकट पोचवली. साथ ओसरल्यावर समाजाच्या कमिटीनं त्याला शाल-नारळ दिला. ती शाल अव्वाच्याच पलंगावर असायची.

हे सगळं खड्ड्याच्या काठावर उभी असताना माझ्या डोक्यात होतं, आणि मला खरं सांगायचं तर रडू येत नव्हतं. राग येत होता. कुणावर तेच कळत नव्हतं.

अण्णा खड्ड्यात उतरला. त्यानं खिशातून चष्मा काढला आणि पिशवीच्या शिवणीवरची माती अंगठ्यानं घासली. तिथे इंग्रजीत बारीक अक्षरांची एक ओळ होती. तो ती बराच वेळ बघत बसला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"कंपोस्टच्या कारखान्यात," तो म्हणाला. "फक्त तिथंच विरघळते."

"आणि हे तू आज वाचतोयस?"

"नाही ना!" त्यानं वर बघितलं. "तेव्हाच वाचलं होतं, गिरिजा. मला वाटलं, कारखान्यात काय होतं? खतच होतं की. आणि खत म्हणजे तरी काय, मातीच. जे माणसाच्या कारखान्यात होतं ते मातीत होणार नाही होय? मातीहून मोठा कारखाना कुठला असतो, मी म्हटलं."

तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. आमच्या घरात, आमच्या समाजात, कुणीही हेच म्हटलं असतं.

"नंतर एका प्रदर्शनात बघितलं," अण्णा खालीच बघत बोलत होता. "तिथं ढीग लावतात. यंत्रानं उलथापालथ करतात, हवा खेळवतात. ढिगातून वाफा निघतात, आत हात घालवत नाही. तेवढी धग असली तरच हे तुटतंय. तेव्हा मला अप्पांची जागा आठवली. पण म्हटलं, वेळ लागेल, पण होईल. वर्ष लागेल, दोन लागतील."

मी वाकून खड्ड्याच्या भिंतीला हात लावला. वर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि आतली चिकट काळी माती माठासारखी गार होती.

"इराप्पा," अण्णानं विचारलं, "ह्या ओळीत कोण कोण आहे रे?"

"त्या वर्षाचीच समदी." इराप्पानं कुंपणापर्यंत हात फिरवला. उंचवटे एकाला एक लागून होते. काहींवर लोकांनी फरशी बसवली होती, एकावर तुळस होती.

"सगळे माझ्या पिशवीत आहेत," अण्णा म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की इराप्पानं "काय म्हनला?" असं विचारलं. अण्णा उठला. "बुजव हे."

"बुजव? आणि अव्वाला काय सांगायचं?" मी म्हटलं.

"माती न्यायची आहे ना? नेऊ." त्यानं खड्ड्याच्या भिंतीतली माती उकरून वाटी भरली. "तिला किती दिवस राहिलेत, गिरिजा? सुखानं जाऊ दे तिला."

"ही बाजूची माती हाय, अण्णा," इराप्पा म्हणाला.

"मला दिसतंय."

घरी आलो तेव्हा अव्वा उशीला टेकून बसली होती आणि शेजारची महादेवी तिला पेज भरवत होती. आम्हाला बघून अव्वानं वाटी बाजूला सारली. महादेवी समजूतदार, ती उठून गेली. अण्णानं माती अव्वाच्या ओंजळीत ओतली.

तिनं ती चोळली, चिमटीत धरून बघितली, नाकाशी नेली. तिचे हात अगदी काटक्या झाले होते. मग तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथं उभं राहवेना.

"मऊ हाय की रे," ती म्हणाली. "ह्यांचं अंग असंच होतं, मऊ. उन्हातलं काम कधी केलं न्हाई ना! मी उगंच भ्याले इतकी वर्षं. रोज ह्यांचं लिंग धुताना मनात यायचं, हे अजून त्या पिशवीत गुदमरत असतील. किती वेडी मी."

अप्पांचं ते कागदी पुडीतून आलेलं लिंग अव्वानं देवघरात ठेवलं होतं. रोज सकाळी स्वतःच्या लिंगाबरोबर ती त्याचीही पूजा करायची. खरं तर ते माणसाबरोबर जायला हवं, घरी ठेवायचं नसतं. पण ते नेऊन द्यायचं तरी कुठं?

"पाणी देऊ?" मी विचारलं.

"थांब. प्रभू, इकडं ये. माझं ऐक. मलाही त्याच पिशवीत ठेव."

अण्णा जागच्या जागी उभा राहिला.

"असं काय बघतोस? तुझ्या दुकानातल्या संपल्या काय?" अव्वा हसली. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदाच चेष्टा करत होती. "मला बसवू नका. विभूतीचे गोळे नकोत, मांडव नको. नवरा बिचारा आडवा गेला, एकटा गेला, आणि बायको थाटात बसून जाणार? मला न्हाई पटत. ते जसे गेले तशी मी जाते. पिशवी चांगली हाय म्हणून बघितलंच की आता."

"अव्वा, आता साथ नाही. त्याची गरज नाही," अण्णा म्हणाला.

"गरजेचं कोण बोलतंय? मी माझ्या मनाचं सांगते."

"स्वामी ऐकणार नाहीत."

"स्वामींशी मी बोलते. गिरी, फोन लाव."

मी फोन हातात घेतला आणि अण्णाकडे बघितलं. त्यानं सांगायचं की मी, असं आमच्या डोळ्यांतून चाललं होतं. अण्णाच्या कपाळावर घाम होता. माझ्या मनात एकदा आलं, हो म्हणू या. म्हणू हो, आणि नंतर बसवू नीट, तिला काय कळणार आहे? पण तिनं तेच तर आधी बोलून ठेवलं होतं. मी डोळे मिटल्यावर मला कळणार हाय का?

अण्णा पलंगाच्या कडेला बसला. त्यानं तिच्या पायावरची ती शाल नीट केली, मग ओढून काढली आणि घडी करून खाली ठेवली.

"अव्वा, ही माती अप्पांची नाही."

"म्हणजे?"

"भिंतीची आहे. अप्पा अजून पिशवीतच आहेत. ती जशीच्या तशी आहे. पानसुद्धा तसंच आहे." तो मग थांबलाच नाही. कारखाना, धग, हवा, बारीक अक्षरं, सगळं सांगत गेला, जसं गिऱ्हाइकाला सांगायचा तसंच, फक्त रडत. "ती तिथं विरघळणार नाही. खोटं नव्हतं लिहिलेलं. पण मातीला जमत नाही ते, अव्वा. मातीला जमत नाही."

अव्वानं ओंजळीतल्या मातीकडे बघितलं. मला वाटलं ती फेकून देईल, किंवा तिचा श्वासच बंद पडेल. तिनं ती हळूच वाटीत परत ओतली आणि हात पदराला पुसले. बाहेर महादेवी भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.

"गुदमरतायत म्हणजे," ती शेवटी म्हणाली.

"अव्वा..."

"मी रोज म्हणत होते. तुम्ही मला वेडी म्हणत होता." मग तिनं देवघराकडे बोट केलं. "गिरी, ह्यांचं लिंग आण."

मी आणलं. तिनं ते कपाळाला लावलं आणि अण्णाच्या हातात दिलं.

"काढा त्यांना त्यातनं. हे त्यांचं त्यांना द्या. बसवता आलं तर बसवा, न्हाई तर राहू दे. पण काढा. मी थांबते तोवर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पुन्हा गेलो. शरणय्या स्वामी आले. ते काठीच्या आधारानं काठावर उभे राहिले आणि अण्णानं सगळं सांगितल्यावर म्हणाले, "चालतंय म्हणून मीच म्हटलं होतं, प्रभू. तू एकट्यानं घेऊ नकोस डोक्यावर." अण्णानं सदरा काढला, तोंडाला फडकं बांधलं आणि खाली उतरला. दुकानातला खोकी फोडायचा कटर त्यानं बरोबर आणला होता. इराप्पा म्हणाला, "मी करतो अण्णा, माझं कामच हाय ते." अण्णा म्हणाला, "नको. मी बांधलंय."

पिशवी सहज फाटली नाही. त्याला दोनदा पातं पुढे सारावं लागलं.

आत काय होतं ते मी सांगणार नाही. वास आला तेव्हा स्वामींनी मंत्र मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. अप्पा माती झाले नव्हते आणि अप्पाही राहिले नव्हते. त्यांच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी होती आणि तिच्यावरचं नाव अजून वाचता येत होतं. बसवणं शक्यच नव्हतं. अण्णानं पिशवी खालून ओढून काढली, लिंग जिथे तळहात होता तिथे ठेवलं, मी वरून बेलाची पानं आणि विभूती सोडत गेले, इराप्पानं मीठ टाकलं. मग आम्ही हातानंच माती लोटली. बघता बघता सगळं झाकलं गेलं.

"अव्वांची जागा मी बाजूला करतो," इराप्पा म्हणाला. "ह्यांना आता वेळ लागंल."

"आणि बाकीच्यांचं?" स्वामींनी त्या ओळीकडे बघत विचारलं.

"घरोघर जाऊन सांगतो," अण्णा म्हणाला.

आणि तो गेला. एकेका दारात उभं राहून त्यानं सांगितलं. काहींनी खड्डे उघडले, काहींनी हात जोडून राहू दे म्हटलं, एका घरातल्या पोरांनी दुकानाच्या काचा फोडल्या. कमिटीनं शाल परत मागितली नाही, पण अण्णानंच ती नेऊन दिली. दुकान पुढे वर्षभरात बंद झालं. ती पिशवी मात्र त्याच्याकडेच राहिली. इराप्पानं विचारलं होतं, हे कुठं टाकू? जाळली तर धूर, पुरली तर तशीच राहणार, उकिरड्यावर टाकली तर गाई खाणार. अण्णानं ती विहिरीवर धुतली आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवली. दिवाळीला माहेरी गेले की मी एकदा वर चढून बघते. पान अजून हिरवंगार आहे.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अण्णानं रुद्रभूमीच्या नळावर हात धुतले, घरी येऊन साबणानं धुतले, मग राख लावून घासले. मी बादल्या ओतत होते. तो नखं घासत राहिला, कातडी लाल झाली तरी थांबेना. शेवटी मीच त्याचा हात धरून आत नेला.

अव्वाचे डोळे मिटलेले होते. महादेवी म्हणाली, सकाळपासून काही घेतलं नाही, फक्त आले का, आले का म्हणून विचारतायत. आमची चाहूल लागली तशी अव्वानं डोळे उघडले.

"काढलं?"

"काढलं," अण्णा म्हणाला.

"दिलं त्यांचं त्यांना?"

"दिलं. हातावर ठेवलं."

"माती आणलीस?"

"अजून झाले नाहीत अव्वा. आता होतील." तो दारातच उभा होता, भिंतीला टेकून. "आता अडवणारं काही नाही."

तिनं मान हलवली. मग हात पुढे केला. अण्णा जवळ आला नाही. "अंगाला वास येतोय अव्वा," तो म्हणाला. "कितीदा धुतलं तरी जात नाही."

"ये इकडं."

तो गेला आणि पलंगाशी जमिनीवर बसला. अव्वानं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि चेहऱ्याशी नेला. अण्णानं झटक्यानं हात मागे घ्यायला बघितला. मरणाला टेकलेल्या त्या बाईनं तो इतका घट्ट धरला होता, की त्याला सुटेना. तिनं त्याचा तळहात आपल्या गालावर दाबून धरला आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "किती वर्षांनी घरी आलेत."